घोट मोजताना

डॉक्टर अल-तय्यिब म्हणतात, वही तुझी, अक्षर तुझं,
मी फक्त टॉन्सिल काढतो.
म्हणून निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत रकाने मीच आखलेत:
थंड पोलाद. विजेचा चिमटा.
आणि ती नवी, मिठाच्या पाण्यात चमकणारी कांडी,
जिचं कोब्लेशन हे नाव लिसम्मा
मामेबहिणीला हाक मारावी तसं घेते.

पोलादानं काढलं की टेबलावरच रक्त दिसतं.
बोळे भिजतात, दोरा मागावा लागतो, गाठ बसते.
मिरजेला आमच्या ट्यूटरबाई म्हणायच्या,
डोळ्यांदेखत वाहतं ते रक्त प्रामाणिक.
विजेनं जाळलं की सगळं कोरडं, नेटकं,
दहा मिनिटांत पुढचं पोर आत.
पण जळकी खपली उधारी ठेवते,
आणि पाचव्या, सातव्या, कधी नवव्या रात्री
वसुलीला येते.
आमच्या वहीत तरी असं दिसतं.
मोठ्या शास्त्राचं मला विचारू नका.

परवा मुहन्नद आला. सहा वर्षांचा. पोलादवाला.
टेबलावर चमचाभरही न सांडलेला,
ज्याच्या नावापुढं मी जरा तोऱ्यातच टिंब दिलं होतं.
रात्रीचे दोन. बाप शिनासचा कोळी,
हातांना सुरमईचा वास, दिशदाशा उलटा चढवलेला.
काही नाही सिस्टर, म्हणाला, छान झोपलाय,
हीच ऐकत नाही.

ही दाराशीच उभी. बलुच.
अरबी तिचंही मोडकं, माझंही मोडकं.
दोन मोडक्या काठ्या एकत्र बांधून
आम्ही मधलं पाणी ओलांडलं.
रक्त नाही, म्हणाली. उलटी नाही. ताप नाही.
झोपेत गिळतोय.
तोंडात काही नसताना गिळतोय.

मी टॉर्च आधी पेटवला नाही. घड्याळ काढलं.
पोरगं तिच्या खांद्यावर, ओठ मिटलेले,
हनुवटीखालचं फडकं पांढरंशुभ्र,
आणि गळ्यातला तो एवढासा उंचवटा
वर, खाली.
वर, खाली.
मिनिटाला अकरा.
इतकं पाणी कुणी स्वप्नातही पीत नाही.

मग टॉर्च.
डावीकडं जांभळट गोळा, आणि त्याच्या कडेनं
घशात उतरणारी, आवाज न करणारी धार.
पुढचं सगळं धावत झालं. सुई, रक्तगट, सक्शनची घरघर,
डॉक्टर एका पायात बूट, एका पायात घरची सपाता.
आणि हात पुढं करून त्यांनी मागितला
तो विजेचाच चिमटा.
दोन ठिकाणी चर्र झालं. थांबलं.
पोटातून नळीनं काढलं ते कॉफीच्या गाळासारखं,
तीन वाट्या भरेल एवढं.
सगळं त्यानं मुकाट गिळलेलं.

रडलासुद्धा नाही हो, बाप भिंतीला सांगत होता.
न रडणाऱ्यांचंच बघावं लागतं, मी म्हटलं.
मराठीत म्हटलं. त्यानं मान हलवली.

आता वही.
पोलादाच्या रकान्यात फुली पडली.
पण थांबवलं विजेनं, त्याची नोंद कुठं?
टक्के किती झाले, डॉक्टरांनी विचारलं,
मी भागाकार केला, सांगितले. ते गप्प बसले.
रकान्यात हत्यार मावतं, तारीख मावते.
अंधारात पोराच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून
सहा रात्री जागी राहिलेली बाई
कशी मांडायची, ते सुचलं नाही.
नाव तेवढं विचारून घेतलं. माहगंज.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
वही ऑडिटला जाईल तेव्हा खोडता येईल असं.

सकाळी हॉस्टेलवर चपला काढल्या तोच आईचा फोन.
जेवलीस का? झोप होते का? सगळं बरं ना?
मी आवंढा गिळून म्हटलं, हो, मस्त.
पलीकडं ती काही बोलली नाही,
बराच वेळ,
मोजत असल्यासारखी.